जी.डी. आर्ट करून कोडिंगला कसा लागलो

बोरूबहाद्दर

मागे कलाशाखेच्या धाग्यावर मी एक ओळ टाकली होती की मी मूळचा पेंटर आणि आता कोड लिहून पोट भरतो. त्यावर चार-पाच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी इचलकरंजीचा. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या. संकल्पचित्रात चांगले मार्क पडायचे, स्मरणचित्रात माणसांचे हात कायम पाठीमागे लपवायचो. दहावीच्या सुट्टीत गल्लीतल्या एका पेंटरमामांकडे बोर्ड रंगवायला जायला लागलो. दोऱ्याला खडूची पूड चोळायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत धरून सोडायचा. पत्र्यावर पांढरी रेघ उमटते. वर एक, खाली एक. मग त्या दोन रेघांत अक्षरं बसवायची. मामा पट्टी लावू द्यायचे नाहीत. दोन अक्षरांमधली जागा डोळ्याने धरायची, कारण 'ट' आणि 'र' शेजारी आले की पट्टीने मोजलेली जागा डोळ्याला जास्तच वाटते. हे मला सोळाव्या वर्षी कळलं. त्याला कर्निंग म्हणतात हे कळायला आणखी नऊ वर्षं गेली.

माझं जी.डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेची सरकारी पदविका, होईपर्यंत फ्लेक्सने मामांचा धंदा खाल्ला होता. मी दोन वर्षं एका जाहिरातवाल्याकडे साबणाच्या पाकिटांवर फेसाचे बुडबुडे काढले. मग कोणीतरी सीडबद्दल सांगितलं, म्हणजे एम.डेस. या डिझाईनच्या पदव्युत्तर पदवीसाठीची प्रवेश परीक्षा. ती आयआयटी मुंबई घेते आणि जी.डी. आर्टवाल्याला एक वर्षाचा कामाचा अनुभव असला की बसता येतं. बसलो. दुसऱ्या खेपेला एका डिझाईनच्या कॉलेजात नंबर लागला. नाव देत नाही, कारण पुढे तक्रार येणार आहे.

मला अक्षरं करायची होती. वेळापत्रक हातात आलं तर पहिल्याच सत्रात प्रोग्रॅमिंग, तेही सक्तीचं.

आता तक्रार. शिकवणाऱ्या सरांनी धरूनच चाललं होतं की व्हेरिएबल म्हणजे काय हे जन्मतःच कळतं. वर्गात इंजिनिअरिंग करून आलेले पंधरा-सोळा, आम्ही चित्रकलेवाले चौघे. सर पुढच्या बाकांशी बोलायचे. पहिली असाइनमेंट मी कागदावर रॉटरिंग पेनाने काढून दिली, कारण स्क्रीनवर येईचना. शून्य मिळालं. वर शेरा: 'सुंदर आहे, पण हे नको होतं.' लॅबमधल्या अर्ध्या मशीनवर देवनागरी टाकलं की अक्षरांऐवजी डबे दिसायचे, आणि हा आपल्या विषयाचा प्रश्नच नाही असं सरांचं म्हणणं. मी घरी फोन करून परत येतो म्हणून सांगितलं होतं. वडील म्हणाले, फी भरलीय.

भाषा होती प्रोसेसिंग. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जॉन माएदांच्या हाताखाली शिकणाऱ्या केसी रीस आणि बेन फ्राय यांनी ती २००१ मध्ये सुरू केली, ती मुळातच कलाकार आणि डिझायनर डोळ्यांसमोर ठेवून. पहिल्या दिवशी हे ऐकल्यावर मी मनात म्हटलं, कुठला कलाकार डोळ्यांसमोर होता तो एकदा बघायला पाहिजे.

पण एक गंमत तिसऱ्याच तासाला झाली. प्रोसेसिंगमध्ये शून्य-शून्य हा बिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढत जातो. शाळेतल्या आलेखाच्या बरोब्बर उलटं. इंजिनिअर मंडळी आठवडाभर चुकत होती. चेंडू वर फेकायचा तर तो खाली जायचा. आम्ही चौघे चुकलो नाही. कागद कुठून सुरू होतो? वरच्या डाव्या कोपऱ्यातूनच की! लिहिताना, चित्र काढताना, बोर्ड रंगवतानाही. त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या बाकावरचा एकजण मागे वळून आम्हाला काहीतरी विचारायला आला.

दुसऱ्या सत्रात बाहेरून एक मॅडम शिकवायला यायच्या. त्यांनी सांगितलं, स्क्रीनवर एक आडवी रेघ काढा, पण ती हाताने काढल्यासारखी दिसली पाहिजे. मला वाटलं, हे तर माझ्या घरचं. प्रत्येक बिंदू रँडमने, म्हणजे दर वेळी कुठलीही किंमत देणाऱ्या आज्ञेने, थोडा वर-खाली केला. जे आलं ते भूकंपमापकाच्या कागदासारखं. रँडम कमी केलं तर रेघेला बारीक केस फुटल्यासारखे दिसले. तासभर खटपट केली. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचा हात हलतो म्हणजे नक्की कसा हलतो?"

मला सांगता येईना. दहा वर्षं रेघा मारतोय आणि सांगता येईना! मग मी वहीत एक लांब रेघ काढली आणि भिंगाखाली धरली. हात थरथरत नाही हो. हात वाहावत जातो. हळूहळू वर चढतो, कुठेतरी लक्षात येतं, परत खाली येतो. आताचा बिंदू मागच्या बिंदूला धरून असतो. रँडमला मागचं काही आठवत नाही, दर वेळी नवा फासा. मॅडमनी मग नॉईज नावाचं फंक्शन दाखवलं. केन पर्लिन या माणसाने ते ऐंशीच्या दशकात काढलं. 'ट्रॉन' चित्रपटाच्या कामानंतर, संगणकी चित्रं फार यंत्रासारखी गुळगुळीत दिसतात म्हणून वैतागून. पुढे त्याला त्यासाठी ऑस्करवाल्यांचं तांत्रिक पारितोषिकही मिळालं. नॉईजमध्ये शेजारच्या दोन किमती एकमेकींच्या जवळ असतात. पाऊल ०.०१ ठेवलं आणि रेघ आली. माझी रेघ. म्हणजे माझी नाही, पण मामांच्या दुसऱ्या कुठल्यातरी चेल्याची वाटावी इतकी.

हाताला येतं ते तोंडाला येत नाही, आणि कोड लिहायचा तर आधी तोंडाला आणावं लागतं. मी कोडिंगला चिकटलो तो या एका गोष्टीसाठी. नोकरी वगैरे नंतरची.

अर्धविराम

वा! मी पंधरा वर्षं कोड लिहितोय, वाय खाली का वाढतो हा प्रश्न कधी डोक्यातच आला नाही. आमच्यात 'असंच असतं' म्हणून पुढे जायचं.

माझं आयडी बघून तरी सेमीकोलनबद्दल, म्हणजे कोडची प्रत्येक आज्ञा संपली की लावावं लागतं त्या चिन्हाबद्दल, दोन शब्द लिहायला हवे होते. तुम्हाला त्याचा त्रास झाला नाही?

बोरूबहाद्दर

झाला की. पण खरं सांगू का, सेमीकोलनपेक्षा इंग्रजी स्पेलिंगने जास्त छळलं. 'विड्थ'मधला टी आणि एच कुठे पुढे कुठे मागे. एकदा दोन तास घालवले. आमच्यातली एक मुलगी सेमीकोलनला 'टिकली' म्हणायची. टिकली लाव म्हटलं की कळायचं.

साधना_सांगली

छान लिहिलंय. थोडा स्वार्थी प्रश्न विचारते. लेक बारावीला आहे, सायन्सला घातलंय पण वह्यांच्या मागच्या पानांवर सगळी चित्रंच. जेजेला पाठवावं की यूसीड (डिझाईनच्या पदवीची प्रवेश परीक्षा) द्यायला लावावं? तिचे बाबा म्हणतात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर, चित्रं काय, रविवारी काढ.

बोरूबहाद्दर

साधनाताई, दोन्ही अर्ज भरायला सांगा. यूसीडला बारावीची कुठलीही शाखा चालते आणि त्यात चित्र काढायचा भाग वेगळा असतो. बी.एफ.ए.साठी, म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी, राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. दोन्हीची तयारी बऱ्यापैकी एकच आहे: रोज बघून काढणं. भांडी, चपला, रिक्षा, झोपलेला माणूस.

आणि बाबांना सांगा, रविवारी चित्र काढणारे इंजिनिअर मी पुष्कळ बघितले. चित्र थांबतं आणि रविवार राहतो. जरा तिखट झालं, राग मानू नये.

जुनाफळा

लेख आवडला, पण एक पटत नाही. मी स्वतः चाळीस वर्षं जलरंगात काम करतोय. चित्र म्हणजे चूक होण्याची शक्यता. पाणी जास्त झालं, रंग पळाला, त्यातून काहीतरी सापडलं. तुमच्या यंत्रात ती शक्यताच नाही. नियम घालून दिला की चित्र नियमाचं झालं, चित्रकाराचं नाही. हाताने काढल्यासारखी दिसणारी रेघ यंत्राकडून काढून घ्यायची, त्यापेक्षा हातानेच काढा ना. आम्हाला हे कळण्यापलीकडचं आहे.

बोरूबहाद्दर

काका, मीही पहिलं वर्ष हेच म्हणत होतो. मग एका माणसाची गोष्ट कळली. ती सांगतो, पटली नाही तर सोडून द्या.

हॅरॉल्ड कोहेन. इंग्रज चित्रकार, १९२८ चा जन्म. साधासुधा नाही. १९६६ साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनतर्फे ज्या पाच जणांचं काम गेलं त्यांतला एक. १९६८ मध्ये तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत वर्षभरासाठी पाहुणा प्राध्यापक म्हणून गेला. चित्रकला शिकवायला. वय चाळीस. तिथे संगीत विभागात शिकणाऱ्या जेफ रॅस्किन नावाच्या पोराने त्याला प्रोग्रॅमिंगची गोडी लावली. (हाच रॅस्किन पुढे ॲपलमध्ये गेला आणि मॅकिन्टॉशचं काम त्याने सुरू केलं.) कोहेन फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकला. कार्डांना भोकं पाडून ती द्यायची, निकालाची वाट बघायची, तो जमाना. वर्षभरासाठी आलेला माणूस तिथेच राहिला आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिला.

त्याने आरन नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि तो २०१६ मध्ये वारला तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, तो एकच प्रोग्रॅम लिहीत, मोडत, परत लिहीत राहिला. बाकी लोक यंत्राला फोटो दाखवून चित्र काढायला लावत होते, याने ते केलं नाही. याचा प्रश्न असा: कमीत कमी किती गोष्टी ठाऊक असल्या की कागदावरचे फराटे बघणाऱ्याला 'चित्र' वाटायला लागतील? १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या चॅलफंट व्हॅलीत त्याने आदिवासींनी खडकावर कोरलेल्या आकृत्या बघितल्या. कोणी काढल्या, काय सांगायचं होतं, काही माहीत नाही, तरी बघताक्षणी कळतं की कोणीतरी काहीतरी म्हणतंय. तेच त्याला हवं होतं. म्हणून आरनचे सुरुवातीचे नियम अगदी साधे: ही आकृती बंद आहे की उघडी, आत काय, बाहेर काय, जागा आधीच व्यापली आहे का. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात कासवासारखं एक छोटं यंत्र जमिनीवर पसरलेल्या कागदावर फिरत चित्रं काढायचं.

आता तुमच्या मुद्द्याची गोष्ट. इतकी वर्षं आरन फक्त रेघा काढायचा. रंग कोहेन स्वतः हाताने भरायचा. का? कारण रंग कसा निवडतो हे त्याला सांगता येईना. नामवंत चित्रकार, आयुष्य रंगात गेलेलं, आणि यंत्राला सांगायची वेळ आली तर शब्द नाहीत! आपण कॅनव्हासवर एक रंग लावतो, मागे सरकून बघतो, मग दुसरा ठरवतो. आरनला डोळे नाहीत. मागे सरकून बघणार कोण? बऱ्याच खटपटीनंतर त्याच्या हाती लागलं की रंग कुठला यापेक्षा तो किती उजळ किंवा किती गडद हे आधी सांभाळलं पाहिजे. आपल्याकडे ड्रॉइंगचे सर डोळे किलकिले करून चित्र बघायला सांगतात ना, टोन बघा म्हणून, तेच. १९९५ मध्ये बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये त्याचं यंत्र स्वतः रंग कालवून चित्र रंगवत होतं आणि आपल्या वाट्याही आपणच धूत होतं. हे मला सगळ्यात आवडतं. मामांकडे ब्रश धुवायचं काम माझ्याकडे होतं.

तर काका, चूक होण्याची शक्यता यंत्रात कमी असेल, मान्य. पण चित्रकाराला आपलं अज्ञान दाखवायला त्याच्याइतकं दुसरं काही मला भेटलं नाही.

जुनाफळा

गोष्ट चांगली आहे. रंगाचं पटलं. बाकीचं रात्री विचार करून सांगतो.

मेघना_बॉस्टन

कोहेनची गोष्ट निघालीच आहे तर म्युरियल कूपरचीही निघायला हवी. एमआयटी प्रेसच्या पुस्तकांच्या कण्यावर सात उभ्या पट्ट्यांचं बोधचिन्ह असतं ना, ते हिचं. पुस्तकं आणि छपाई हे तिचं जग. १९६७ मध्ये ती निकोलस नेग्रोपॉन्टेच्या संगणकाच्या वर्गात जाऊन बसली. फारसं काही उमगलं नव्हतं तिला तिथे. पण पुढे सत्तरच्या दशकात तिनेच रॉन मॅक्नीलबरोबर एमआयटीत व्हिजिबल लँग्वेज वर्कशॉप उभं केलं, आणि ते नंतर मीडिया लॅबचा भाग झालं. ती स्वतः कोड लिहिणारी नव्हती. पण अक्षरं स्क्रीनवर कशी वागतील, जवळची-लांबची कशी दिसतील, हे विचारणारी पहिल्या फळीतली बाई. १९९४ मध्ये गेली.

माएदा नंतर त्याच लॅबमध्ये शिकवायला आले, आणि बोरूबहाद्दर, तुमची प्रोसेसिंग त्यांच्या विद्यार्थ्यांची. म्हणजे तुम्हाला जे शून्य मिळालं त्याचं गोत्र 'वर्गात काही कळलं नाही' म्हणणाऱ्या बाईपर्यंत जातं.

बोरूबहाद्दर

हे माझ्या गुणपत्रिकेवर छापून घेतो.

चादरवाला

आम्ही सोलापूरचे. तुमचं 'आधी तोंडाला आणावं लागतं' वाचून वडिलांची आठवण आली. ते जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या, चादरींची डिझाईनं करायचे. आधी कागदावर मोर काढायचा. मग तो मोर आलेखाच्या कागदावर चौकोन-चौकोन रंगवायचा. एक चौकोन म्हणजे एक ठिकाण, तिथे ताणा उचलायचा की नाही, हो किंवा नाही, मधलं काही नाही. मग त्या रंगवलेल्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्याने ओवायची. मोराच्या मानेचा बाक चौकोनांत बसेना की वडील चिडायचे. पायऱ्या दिसतात म्हणायचे. रात्र-रात्र एक-दोन चौकोन इकडचे तिकडे करत बसायचे.

मी आयटीत गेलो तेव्हा पहिल्यांदा पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचा एक चौकोनी ठिपका, हा शब्द ऐकला. घरी येऊन वडिलांना समजावायला लागलो तर म्हणाले, "मग मी इतकी वर्षं काय करत होतो?"

अर्धविराम

+१. फ्रान्समध्ये जॅकार्डने तो माग १८०४ च्या सुमारास केला आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. पुस्तकात हे सगळेच वाचतात. मोराच्या मानेच्या पायऱ्या पुस्तकात नसतात.

रांगोळीवाली_अनू

मग ठिपक्यांच्या रांगोळीला का विसरता? आजी म्हणायची सात ते एक, म्हणजे सात ठिपके, मग सहा, मग पाच. हा तर लूपमध्ये लूप झाला, एका पुनरावृत्तीच्या पोटात दुसरी!

बोरूबहाद्दर

अनूताई, विसरलो नाही, मुद्दाम टाळलं. कारण ठिपके मांडणं हा त्यातला सोपा भाग आहे, तो आम्ही दुसऱ्या आठवड्यात केला होता. अवघड काय, तर हात न उचलता सगळ्या ठिपक्यांना वळसा घालून परत सुरुवातीला येणारी रेघ. तामिळनाडूत त्याच धर्तीचं कोलम असतं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृथिवासन यांनी १९७० च्या दशकात त्यावर रीतसर संशोधन केलंय. कोलमचं व्याकरण मांडलं, भाषेचं मांडतात तसं. मी एकदा ती रेघ कोडमध्ये उतरवायला बसलो. तीन दिवस गेले आणि रेघ दोन तुकड्यांत आली. आईला दाखवलं तर तिने बोटाने टेबलावर एका दमात काढून दाखवली, वर मला विचारलं की यात अडलं काय.

टंकनिक

मी फॉन्टच्या धंद्यातला. तुम्ही देवनागरीच्या डब्यांचा उल्लेख करून पुढे गेलात, असं नाही चालणार. अक्षरं करायला गेलात ना? मग कोडमध्ये देवनागरी कशी वागली ते लिहा.

बोरूबहाद्दर

अहो त्याने तर रडवलं. हे घ्या.

एक प्रकल्प होता: मराठी शब्दांचा पाऊस. शब्द वरून येणार, जमिनीवर आपटून त्यातली अक्षरं सुटी होऊन उडणार. मी 'क्षितिज' शब्द घेतला. माझ्या डोळ्यांना अक्षरं तीन: क्षि, ति, ज. संगणकाला विचारलं, लांबी किती? सात. म्हटलं, बिघडलंय. बिघडलं नव्हतं. क, हलन्ताचा पाय, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, परत वेलांटी, ज. मोजा. शब्द फुटला तेव्हा वेलांट्या एकट्याच उडाल्या, प्रत्येकीच्या शेजारी ठिपक्यांचं एक वर्तुळ घेऊन, नवरा हरवलेल्या बाईसारख्या. वर्ग हसला. मीही हसलो, मग खोलीवर जाऊन झोपलो.

आणि दुसरी गोष्ट तर याहून भारी. 'कि' लिहिताना आपण काय करतो? बरेच जण वेलांटीचा दांडा आधी काढतात, मामाही तसंच रंगवायचे, कारण ती डावीकडे आहे. संगणक साठवताना क आधी ठेवतो, वेलांटी नंतर, आणि दाखवताना तिला उचलून पुढे आणतो. म्हणजे तो उच्चाराच्या क्रमाने साठवतो आणि डोळ्याच्या क्रमाने दाखवतो. पेंटर म्हणून मी आजवर कधी अक्षर ऐकलंच नव्हतं, फक्त बघितलं होतं. हे मला त्या दिवशी कळलं.

टंकनिक

सुंदर. थोडी भर घालतो. तुमच्या वेळी तीन तुकडे सरळ मिळालेच नसते. शब्द अक्षरांत तोडायचा युनिकोडचा (सगळ्या लिप्यांना संगणकात क्रमांक देणारी प्रमाणपद्धती) जो सर्वसाधारण नियम होता तो 'क्षितिज'चे चार तुकडे करायचा: क्, षि, ति, ज. जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. आता नवीन ब्राउझरमध्ये तुमचा पाऊस नीट पडेल.

आणि मराठी माणसाने आणखी एक बघावं: ल आणि श. मराठी वळणाचे ल-श आणि हिंदी वळणाचे वेगळे. युनिकोडमध्ये त्यांना एकच जागा आहे, फरक फॉन्टच्या आत करावा लागतो. मजकूर मराठी आहे असं सांगितलं आणि फॉन्टवाल्याने ती सोय ठेवली असेल, तरच आपला ल दिसतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टसंस्थेसारखी मंडळी या गोष्टी मनावर घेतात. बाकी बऱ्याच ठिकाणी दिसेल ते मुकाट्याने वाचायचं.

अवांतर नाही म्हणून लिहितो: या वाटेवर तुमच्या आधी र. कृ. जोशी गेलेत. जेजेचे विद्यार्थी, सुलेखनकार, लघुनियतकालिकांच्या काळातले कवी, उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक. मग आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागात प्राध्यापक, आणि नंतर एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेत संगणकवाल्यांच्या मांडीला मांडी लावून फॉन्टचं काम. विंडोजबरोबर आलेला 'मंगल' फॉन्ट त्यांचा. २००८ मध्ये गेले. आज मंगलला नावं ठेवायची फॅशन आहे, मीही ठेवतो. पण सरकारी कचेरीतल्या कितीतरी मराठी पत्रांना ते अक्षर होतं म्हणून डबे दिसले नाहीत.

बोरूबहाद्दर

टंकनिकभाऊ, र.कृं.बद्दल लिहिलंत, बरं झालं. मी लिहिणार होतो, पण त्यांच्या रांगेत स्वतःला उभं केल्यासारखं होईल म्हणून हात आखडला.

कंटाळलेला_डेव्हलपर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून खडा टाकतो. ऑफिसात 'कोड येणारा डिझायनर' म्हणजे दोन माणसांचं काम आणि एकाचा पगार. चित्र तूच काढ, तूच बांध, रात्री बंद पडलं तर तूच उठ. आणि आता एआय आलाय, पाच मिनिटांत कोड लिहून देतो. मग ही सगळी खटपट कशाला?

बोरूबहाद्दर

पगाराचं शंभर टक्के खरं. पहिल्या नोकरीत माझं अगदी हेच झालं, दीड वर्षात सोडली.

एआयचं म्हणाल तर मी वापरतो रोज. गेल्या महिन्यात त्याच्याकडून देवनागरी अक्षरं एकेक करून उमटवणारा कोड मागितला. आला पाच मिनिटांत, आणि वेलांट्या परत उडाल्या. त्यानंतर काय सांगायचं हे मला माहीत होतं, इतकंच.

साधना_सांगली

लेकीने सगळा धागा वाचला. विचारतेय, त्या पेंटरमामांना हे सगळं माहीत आहे का?

बोरूबहाद्दर

हो! ते लिहायचं राहिलंच. वाचनखुणा साठवणाऱ्यांनी हे तरी साठवा.

शेवटच्या वर्षी मी एक प्लॉटर, म्हणजे पेनाने कागदावर रेघा काढणारं यंत्र, बांधला. दोन मोटारी, एक पेन, पेन वर-खाली करायला छोटी मोटार. दिवाळीत घरी नेला आणि मामांना बोलावलं. पहिल्यांदा त्याच्याकडून साधा फॉन्ट काढून घेतला. मामा बघत राहिले आणि म्हणाले, "हे लिहीत नाही रे, कडेकडेने गिरवतंय." बरोबर होतं. फॉन्टमध्ये अक्षराची बाहेरची कड साठवलेली असते, मधला फटकारा नसतो. सगळी अक्षरं पोकळ आली होती.

मग पुढचे चार महिने मी माझ्या हातवळणाची अक्षरं मधल्या रेघेने साठवली, एकेक फटकारा. शिरोरेषा सगळ्यांना लागणारच, म्हणून ती आधी, एका दमात, शब्दाच्या लांबीइतकी. कोडला सोपं. शिमग्याला परत मामांना बोलावलं. मोठ्या कागदावर 'भाग्यलक्ष्मी' लिहायला लावलं. पेन खटकन खाली आलं, सर्रकन आडवी रेघ, मग खाली अक्षरं लटकवत गेलं. मला तर डोळे भरून यायचे बाकी होते.

मामांनी चष्मा वर केला. "रेघ आधी मारली होय? दोरा आधी, रेघ शेवटी. भ कुठे आलाय ते बघितल्याशिवाय रेघ कशी मारशील?"

बघितलं. 'भ'च्या डोक्यावरची रेघ मधे तुटायला हवी. माझ्या यंत्राने ती सरळ मारली होती, आणि भ-चा झाला होता म. कागदावर ठळक, सुबक अक्षरांत लिहिलं होतं: माग्यलक्ष्मी.

मामा हसत हसत म्हणाले, "राहू दे. इचलकरंजीत मागाचीच लक्ष्मी, काही चुकलं नाही."

रेघ आता शेवटी मारतो. अ, थ, ध, भ, श यांच्यापाशी पेन उचलतो. तो कागद मामांनी घरी नेला, त्यांच्या यंत्रमागवाल्या जावयाने कारखान्यात लावलाय.